एका पायात काळी, एका पायात तपकिरी : बडोद्याच्या एका घरातलं प्रकरण

पार्श्वभूमी

ही हकिकत माझ्या सख्ख्या आत्याची आहे. तिला विचारूनच लिहिते आहे. नाव घालायचं नाही, एवढीच तिची अट होती. मी फिजिओथेरपिस्ट आहे. हे आधीच सांगते, कारण पुढे जे सहा महिने आमच्या हातून निसटले त्यात माझाही वाटा आहे.

आत्या ६६ वर्षांची. बडोद्यात मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळेत तिने ३४ वर्षं शिकवलं. दांडिया बाजाराच्या आतल्या अंगाला जुनं दुमजली घर. खाली आत्या राहते, वर माझा आतेभाऊ (मी त्याला दादा म्हणते), वहिनी आणि त्यांची मुलगी. काका जाऊन नऊ वर्षं झाली. आत्याला मधुमेह आहे, १४ वर्षांपासून. गोळ्या वेळेवर घेते, पण साखर तपासायची म्हणजे सणवार उरकल्यावर, असा तिचा हिशेब.

आणखी एक गोष्ट माहीत असायला हवी. आमचे आजोबा, म्हणजे आत्याचे वडील, शेवटची चार वर्षं माणसं ओळखत नव्हते. स्वतःच्या ओट्यावर बसून ‘मला घरी सोडा’ म्हणायचे. त्यामुळे आमच्या घरात कुणी साधा चष्मा विसरला तरी पहिल्यांदा हसू येतं आणि त्याच्या मागोमाग पोटात गोळा येतो.

काय घडत होतं

आषाढी एकादशीला आत्या विठ्ठलाच्या देवळातून दुसऱ्याच बाईंची चप्पल घालून घरी आली. रंग तोच, अंगठ्याची बांधणी तीच, फक्त एक नंबर मोठी. भजनी मंडळातल्याच बाई निघाल्या, फोन आला, अदलाबदल झाली. देवळाबाहेर चपलांचा ढीग असतो, असं कुणाचंही होतं. तिथवर कुणाला काही वाटलं नाही.

गणपतीच्या आधी ती बँकेत पासबुक भरायला गेली ती न्हाणीघरातल्या रबरी सपाता घालून. रांगेत उभी असताना मागच्या मुलीने हळूच विचारलं, ‘आंटी, घरून घाईत निघालात का?’ आत्या रांग सोडून परत आली. पासबुक दुसऱ्या दिवशी दादाने भरून आणलं.

तिसरा प्रसंग तिला सगळ्यात जास्त लागला. दिवाळीनंतर शाळेत माजी विद्यार्थ्यांचा मेळावा होता. निवृत्त शिक्षकांना मंचावर बसवलं होतं आणि टेबलाला झालर नव्हती. सरस्वतीपूजन झालं, बाई खुर्चीत बसल्या आणि खाली पाहिलं तर डाव्या पायात काळी सँडल, उजव्या पायात गडद तपकिरी. काळीला सोनेरी बक्कल, तपकिरीला नुसता पट्टा. पहिल्या रांगेत तिचेच विद्यार्थी, आता चाळिशी ओलांडलेले. दोन तास तिने उजवा पाय डाव्या पायामागे दडवून ठेवला. सत्काराला उठायची वेळ आली तेव्हा गुडघा दुखतो म्हणून बसूनच शाल घेतली. कार्यक्रमानंतर जेवायला थांबली नाही.

घरी मात्र या प्रसंगावर खूप हसलो. नात तर पाहुण्यांसमोर नक्कल करून दाखवायची. आत्याही हसायची. ते हसू कसलं होतं हे तेव्हा कुणी पाहिलं नाही.

चौथा प्रसंग उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या, दोन दिवस आधीचा. खंडेराव मार्केटातून उंधियूची भाजी घेऊन आत्या पायी घरी आली. ओट्यावर बसलेल्या शेजारीणबाई म्हणाल्या, ‘बेन, एक चंपल क्यां गयुं?’ आत्याचा डावा पाय अनवाणी होता. चप्पल वाटेत कुठे गेली, तिला सांगता येईना. नातीने रस्त्यावर पाहून यावं म्हटलं, पण पतंगांच्या गर्दीत कोण शोधणार.

तिसऱ्या प्रसंगाला हसलो तसेच या चौथ्यालाही हसलो. ‘आधी वेगवेगळ्या घातल्या, आता एकच घातली’ असं म्हणून दोन्ही गोष्टी एकाच खात्यात टाकल्या. ते खातं विसराळूपणाचं. आमची खरी चूक ही होती.

घरातली चर्चा

संक्रांतीच्या आदल्या रात्री जेवणं झाल्यावर आत्या झोपायला गेली आणि आम्ही तिघं वरच्या खोलीत बसलो. दादाचं म्हणणं ठाम होतं : मेंदूच्या डॉक्टरांकडे जायचं, स्कॅन करायचा, आणि निकाल येईपर्यंत आईने एकटीने बाहेर पडायचं नाही. भाजी, बँक, देऊळ, सगळं कुणाच्या तरी सोबतीने. त्याच्या आवाजात आजोबांची ती चार वर्षं होती, म्हणून मी लगेच विरोध केला नाही. पण ६६ वर्षांच्या बाईचं एकटीने बाहेर जाणं बंद झालं की ते सहसा परत सुरू होत नाही. पाय आखडतात, तोल जातो, मंडळातली जागा दुसरं कुणी घेतं. माझ्या कामात हे मी रोज पाहते.

वहिनीचं मत वेगळं होतं. ‘आईंना तारखा पाठ आहेत. कुठल्या सोमवारी कोणती भाजी केली तेसुद्धा सांगतात. त्यांची आठवण गेलेली नाही. दारातला पसारा बघा आधी.’ दारात खरोखरच नऊ जोड होते. जिन्याखालचा बल्ब दिवाळीपासून गेलेला. काळी आणि तपकिरी सँडल शेजारी शेजारी, त्या अंधारात दोन्ही काळ्याच.

मी वहिनीच्या बाजूने झुकले, कारण वाचलेलं आठवत होतं. असल्या चुका विसरण्याच्या नसतात, लक्ष दुसरीकडे असण्याच्या असतात. मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्सने १८९० सालीच लिहून ठेवलं आहे की जेवणासाठी कपडे बदलायला खोलीत गेलेला माणूस एकेक कपडा उतरवत थेट अंथरुणात शिरतो. पुढे त्याच विषयातल्या डोनाल्ड नॉर्मनने १९८१ मध्ये अशा चुकांची वर्गवारी केली आणि जेम्स रीझनने लोकांना रोजच्या चुकांची वही ठेवायला लावली. सगळ्यांचा सूर एकच : जे काम हात-पाय आपसूक करतात त्यातच हे घडतं. चपला घालायला नवं शिकणाऱ्या पोराच्या पायात जोड चुकला तरी ते खाली बघत असतं; चुकतो तो साठ वर्षं चपला घातलेला माणूस, कारण तो बघतच नाही. आठवणीचा आजार वेगळा दिसतो. त्यात प्रसंगच पुसला जातो, रोजची गल्ली अनोळखी होते, चूक दाखवली तरी ती चूक वाटत नाही. आत्याला प्रत्येक प्रसंग दिवसासकट आठवत होता आणि प्रत्येकाची लाज वाटत होती.

मग मी सुचवलं की दार नीट लावू, बल्ब बदलू, महिनाभर बघू. दादा नाखुशीने तयार झाला. तेवढ्यावरच थांबलो असतो तर हे प्रकरण वाईट वळणावर गेलं असतं, हे मला आज स्पष्ट दिसतं.

कपाटातली पिशवी

दुसऱ्या दिवशी हळदीकुंकवाचं वाण काढायला मी आत्याच्या लोखंडी कपाटाचा खालचा खण उघडला. वाणाच्या वाट्यांमागे साडीच्या दुकानाची एक कापडी पिशवी होती. आत तीन चपला. तीन जोड नव्हे, तीन चपला. दोन उजव्या, एक डावी, एकीला दुसरी नाही.

आत्या दारात उभी होती. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘हसाल म्हणून नाही सांगितलं.’

मेळाव्यानंतर दोनदा आणि परवा एकदा, अशी तीनदा तिची चप्पल वाटेत गळून पडली होती. पहिल्या दोन वेळी ती रिक्षाने घरी आली, कुणी बघितलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी मंगळबाजारातून तसाच नवा जोड आणला. मी आत्तापर्यंत तिला नेहमी विचारत आले होते, ‘अगं, विसरलीस कशी?’ त्यावर ती काहीतरी उत्तर जुळवून द्यायची. त्या दिवशी पहिल्यांदा विचारलं, ‘तुला कळलं कधी?’

‘घरी आल्यावर. पाय धुवायला बसले तेव्हा पाऊल काळं दिसलं. चप्पल गेली ते पायाला कळलंच नाही गं.’

इथे माझं डोकं लख्ख झालं. चुकीची चप्पल घालणं ही एक गोष्ट. पायातली चप्पल निघून जाणं, डांबरी रस्त्यावर अर्धी वाट अनवाणी चालणं आणि पायाला पत्ता नसणं, ही दुसरी. मधुमेहात पायाच्या नसा बोटांपासून वर बधिर होत येतात. तळव्यातले लहान स्नायूही कमजोर होतात, बोटं चप्पल धरून ठेवत नाहीत. मागे पट्टा नसलेली चप्पल न कळता निसटणं ही त्या बधिरपणाची ओळखीची खूण आहे. शिकताना मी ती शिकले होते. रुग्णाच्या पायात ती मला दिसली असती. घरच्या माणसाच्या पायात मी विनोद पाहिला.

मेळाव्याच्या त्या दोन सँडल मग काढून जमिनीवर ठेवल्या. काळीची टाच बोटभर उंच, तपकिरी सपाट. असा जोड घालून कुणीही चार पावलं टाकली की लंगडल्यासारखं वाटून खाली बघेल. आत्या दांडिया बाजारातून शाळेपर्यंत गेली, मंचाच्या पायऱ्या चढली आणि डोळ्यांनी दिसल्यावर तिला कळलं. म्हणजे सँडल निवडताना लक्ष चुकलं होतं, ती चूक लक्षात आणून द्यायचं काम पायाचं होतं, आणि ते पायाने केलं नाही.

तिला पलंगावर बसवलं, डोळे मिटायला सांगितले आणि कापसाने बोटांना स्पर्श करत गेले. ‘लागलं की हो म्हण.’ गुडघ्याशी हो, घोट्याशी हो, बोटांवर आल्यावर ती नुसती वाट बघत बसली. मी आठ वेळा कापूस टेकवला होता. डावं पाऊल उलटं केलं तर अंगठ्याखालच्या उंचवट्यावर साबुदाण्याएवढा पाणी धरलेला फोड, भोवती लाल. ती घालत होती त्या चपलेत हात घातला तर शिलाईत तुरीच्या दाण्याएवढा खडा अडकलेला होता. तो तिला टोचला नव्हता.

आणि रोज रात्री पाय जड वाटतात म्हणून ती कढत पाण्यात मीठ घालून पाय बुडवून बसत होती. ते त्याच क्षणी बंद केलं. बधिर पायाला पाणी किती कढत आहे ते कळत नाही. त्वचा भाजून निघते आणि माणसाला बरं वाटत असतं.

पुढे काय केलं

संक्रांत उलटली त्याच दिवशी नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी १० ग्रॅमच्या नायलॉनच्या धाग्याने तळव्याच्या ठरावीक जागा तपासल्या. हा धागा तेवढ्या दाबाला वाकतो, आणि तो टेकलेला कळला नाही तर पायाला जपणारी जाणीव गेली असं धरतात. १२८ हर्ट्झचा स्वरकाटा अंगठ्याच्या हाडावर ठेवला, त्याची थरथर तिला जाणवली नाही. तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) ८.९ टक्के, म्हणजे बरीच वर निघाली. बी-१२ जीवनसत्त्व फार कमी होतं. ती पूर्ण शाकाहारी, आणि मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी वर्षानुवर्षं घेतली की बी-१२ खाली येऊ शकतं. त्याच्या कमतरतेनेही नसा बिघडतात. म्हणजे एकाच पायावर दोन कारणं बसली होती, आणि दुसरं इंजेक्शनने भरून निघण्यासारखं होतं.

दादाच्या मनातली भीतीही तशीच ठेवली नाही. डॉक्टरांनी घड्याळाचं चित्र काढायला लावलं, तीन शब्द सांगून थोड्या वेळाने विचारले. आत्याने तिन्ही शब्द सांगितले आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवरची एक ऱ्हस्व-दीर्घाची चूकही दाखवली. दादा तिथेच खुर्चीत रडला. स्कॅनची गरज आत्ता नाही, सहा महिन्यांनी पुन्हा बघू, असं ठरलं. ही तपासणी आम्ही टाळली असती तर तो आयुष्यभर धास्तावलेला राहिला असता, म्हणून पायाचं कारण सापडल्यावरही ती केली हे योग्य झालं असं मला वाटतं.

मग दार. आत्याने स्वतः जुन्या कोऱ्या हजेरीपटात तीन आठवडे नोंद ठेवली : बाहेर पडताना वेळ कोणती, उजेड होता का, त्या वेळी काय चालू होतं, काय चुकलं. निघताना चुकायचं ते जवळजवळ प्रत्येक वेळी फोन वाजलेला असताना किंवा गॅसवर दूध असताना. एकदा तर सपाता घालून फाटकापर्यंत जाऊन परत आली, तेव्हा कानाला फोन होता आणि पलीकडे मीच होते. त्यानंतर तिचा एक नियम झाला : चप्पल पायात चढेपर्यंत फोन उचलायचा नाही.

दारात आता तिचे दोनच जोड असतात. बाकीचे वर माळ्यावर. न्हाणीघरातल्या सपाता केशरी रंगाच्या आणल्या, त्या उंबऱ्याबाहेर येतच नाहीत. बल्ब बदलायला पाच मिनिटं लागली. तो तीन महिने गेलेला होता.

पण सगळ्यात उपयोगी पडलं ते लाकडी स्टूल. इतकी वर्षं ती भिंतीला हात टेकून उभ्यानेच चप्पल सरकवायची. आता बसते, जोड हातात घेते, आत बोटं फिरवून खडा-काटा बघते, मग घालते. बसलं की नजर आपोआप पायाकडे जाते. त्यामुळे जोड चुकत नाही, आणि खडाही राहत नाही. रात्री तळवा दिसत नाही म्हणून नात आरसा धरते. नक्कल करणारी तीच नात आता मोबाइलमध्ये तळव्याचे फोटो तारखेनुसार ठेवते.

चपलेवरून मात्र वाद झाला. मागे पट्टा, पुढे रुंद जागा, आत एमसीआरचा, म्हणजे बारीक छिद्रांच्या मऊ रबराचा तळ अशी चप्पल डॉक्टरांनी लिहून दिली. आत्या म्हणाली, ‘ही घालून मी लग्नाला जायची? त्यापेक्षा वेगवेगळ्या घातलेल्या बऱ्या.’ तिला पटवायला पंधरा दिवस गेले. शेवटी बनवणाऱ्याने तोच तळ ठेवून वरचे पट्टे मरून रंगाचे करून दिले तेव्हा ती तयार झाली. हे आधीच विचारलं असतं तर ते पंधरा दिवस फोड असलेल्या पायात जुनी चप्पल गेली नसती.

देवळाचा प्रश्न राहिला. अनवाणी जायचंच, आणि वैशाखातली फरशी बधिर तळव्याला भाजते. सुती मोजे घालून जाते. चपला बाहेरच्या ढिगात न ठेवता पिशवीत घालून पुजाऱ्यांना सांगून कोपऱ्यात ठेवते. देवाला मोजे चालतात का, असं तिने स्वतःच एकदा विचारलं आणि स्वतःच उत्तर दिलं की विठोबाला चालणाऱ्यांच्या पायांची चांगली माहिती आहे.

आता स्थिती

नऊ महिने झाले. फोड भरायला पाच आठवडे लागले. तीन महिन्यांची सरासरी साखर ७.२ टक्क्यांवर आली आहे. बी-१२ची इंजेक्शनं झाल्यावर पायांचा जडपणा आणि रात्रीच्या मुंग्या कमी झाल्या. बोटांची जाणीव मात्र फारशी परतलेली नाही आणि ती पूर्ण परतेल अशी आशा डॉक्टरांनी दाखवली नाही. ज्या नसा गेल्या त्यांच्यासाठी सहा महिने कमी नसतात. या काळात चप्पल एकदाही गळाली नाही. एकदा दादाचे बूट घालून ओट्यापर्यंत गेली, खाली बघितलं, परत आली. सहा महिन्यांनंतरची आठवणीची तपासणीही ठीक निघाली. बाजार, देऊळ, बँक, सगळीकडे ती एकटी जाते.

पुन्हा करायचं झालं तर

आषाढापासूनच प्रत्येक प्रसंग वेगळा लिहिला असता. चार प्रसंग एकत्र सांगितले की ते चारही सारखे वाटू लागतात. त्यातला पहिला ढिगातल्या गर्दीचा होता, दुसरा घाईचा, तिसरा अंधाराचा आणि पायाचा, चौथा निव्वळ पायाचा.

मधुमेह असलेल्याचे पाय वर्षातून एकदा तरी नीट तपासायचे असतात. १४ वर्षांत आत्याचे पाय कुणी पाहिले नव्हते, मीसुद्धा नाही. तिच्या मानेला, गुडघ्याला व्यायाम शिकवले, पायमोजे कधी काढायला लावले नाहीत. रुग्णाला मी हे करायला लावते आणि आत्याच्या बाबतीत लक्षात आलं नाही, याचं वाईट वाटतं ते कमी होत नाही.

आणि हसलो नसतो. निदान मेळाव्यानंतर नाही. ती शाल बसून घेतलेली बाई त्या रात्री आमच्यासमोर हसत होती, आणि दुसऱ्यांदा चप्पल गेल्यावर तिने घरी सांगण्याऐवजी दुकान गाठलं. पिशवी सापडली नसती तर चौथी चप्पलही तिच्यात गेली असती, आणि तो फोड कदाचित जखम झाल्यावर दिसला असता.

परवा वहिनीने विचारलं, ‘आई, त्या तीन एकट्या चपला टाकून देऊ का?’ आत्या नको म्हणाली. भजनी मंडळात नेते ती पिशवी. बायकांना चपला दाखवते, मग त्यांना पाय पुढे करायला लावते आणि डोळे मिटून बसवते, हातात कापूस घेऊन.